राजकीय मतावरून नोकरी जावी का: पूर्ण मोकळीक, पूर्ण मनाई आणि मधला मार्ग

कामगाराच्या राजकीय मतांवरून त्याला काढून टाकण्याची मुभा खासगी मालकाला असावी की नसावी, हा प्रश्न निवडणुका जवळ आल्या की अनेक आस्थापनांत डोके वर काढतो. सेवानियम लिहायला बसलेला व्यवस्थापक असो, कामगार संघटनेचा पदाधिकारी असो किंवा कायद्यात सुधारणा मागणारा नागरिक असो, त्याला येथे काहीतरी भूमिका घ्यावीच लागते. ढोबळमानाने तीन व्यवस्था समोर आहेत: मालकाला जवळपास पूर्ण मोकळीक, मतावरून काढण्यास थेट मनाई, आणि काढता येईल, पण कारण न्यायाधिकरणाला पटवून द्यावे लागेल, असा मधला मार्ग. भारतात यांपैकी एकही सरसकट लागू नाही, त्याकडे पुढे येऊ.

मोकळीक देणाऱ्या व्यवस्थेचे ठळक उदाहरण अमेरिका आहे. मोंटाना राज्य वगळता तेथे ‘ॲट-विल’ नोकरीचे तत्त्व चालते. मुदतीचा किंवा संघटनेशी केलेला करार नसेल, तर मालक कोणत्याही कारणासाठी किंवा कारण न सांगताही माणसाला काढू शकतो. वंश, धर्म, लिंग, वय, अपंगत्व अशी काही कारणे कायद्याने वगळली आहेत, पण केंद्रीय कायद्यांच्या त्या यादीत खासगी नोकरांचे राजकीय मत नाही. अभिव्यक्तिस्वातंत्र्य देणारी पहिली घटनादुरुस्ती सरकारला बांधते, खासगी मालकाला नाही. म्हणूनच 1976 च्या एलरॉड विरुद्ध बर्न्स खटल्यात, इलिनॉयमधील कूक काउंटीच्या नव्या शेरीफच्या कारकिर्दीत केवळ विरोधी पक्षाचे म्हणून कर्मचाऱ्यांना काढणे सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले (धोरण ठरवणारी पदे तेवढी अपवाद), पण खासगी कंपनीतल्या माणसाला या निकालाचा काही उपयोग झाला नाही. 2017 मध्ये व्हर्जिनियात सायकलवरून जाणाऱ्या जूली ब्रिस्कमन यांनी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्या ताफ्याला मधले बोट दाखवले, त्याचे छायाचित्र जगभर फिरले आणि सरकारी कंत्राटे घेणाऱ्या त्यांच्या कंपनीने त्यांना नोकरी सोडायला लावली. बेकायदा बडतर्फीचा त्यांचा दावा न्यायालयात टिकला नाही. दोन वर्षांनी त्या लाउडन काउंटीच्या मंडळावर निवडून आल्या, ती गोष्ट वेगळी.

या व्यवस्थेच्या बाजूने सांगितले जाणारे कारण हलके नाही. पाच माणसांच्या दुकानात एकाच्या जाहीर भूमिकेमुळे गिऱ्हाईक तुटले तर नुकसान मालकाचे होते, आणि ज्याच्याशी पटत नाही त्याला पगार देत राहण्याची सक्ती करणे हाही एक प्रकारचा जुलूमच, असे मालक म्हणू शकतो. मात्र ही मोकळीक वारा फिरेल त्या दिशेने कापते. 1947 पासून हॉलिवूडच्या स्टुडिओंनी कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून लेखक-दिग्दर्शकांना काळ्या यादीत टाकले, तेव्हा तिचा फटका डाव्यांना बसला. पुढे समाजमाध्यमांच्या काळात उजव्या मतांच्या लोकांनीही नोकऱ्या गमावल्या. आणि सप्टेंबर 2025 मध्ये उजव्या विचारांचे अमेरिकी कार्यकर्ते चार्ली कर्क यांच्या हत्येनंतर त्यांच्यावर टीका करणारा मजकूर लिहिणाऱ्या अनेकांना घरी बसावे लागले. आज या मोकळिकीचे समर्थन करणाऱ्याने उद्या ती आपल्यावर चालेल हे गृहीत धरूनच समर्थन करावे.

थेट मनाईची उदाहरणे अमेरिकेतही सापडतात. कॅलिफोर्नियाच्या कामगार संहितेतील कलम 1101 आणि 1102 यांनुसार कर्मचाऱ्यांच्या राजकीय हालचालींवर नियंत्रण ठेवणारा नियम मालकाला करता येत नाही, किंवा नोकरी घालवण्याची धमकी देऊन त्यांचे राजकीय वर्तन वळवता येत नाही. राजधानी वॉशिंग्टनच्या मानवी हक्क कायद्यातही पक्षीय संलग्नतेवरून भेदभाव करण्यास बंदी आहे. उत्तर आयर्लंडने 1976 पासून धर्माच्या जोडीला राजकीय मतालाही संरक्षण दिले, कारण तेथे माणसाचे मत विचारणे आणि तो कॅथलिक की प्रोटेस्टंट हे विचारणे यांत फारसे अंतर नव्हते. मनाईचा फायदा असा की रेषा स्पष्ट राहते. अडचण येते ती मत आणि वर्तन एकमेकांत मिसळलेले असतात तेव्हा: सहकाऱ्याच्या समाजाला शिव्या घालणारी पोस्ट ही मत मानायची की गैरवर्तन, याचे उत्तर नुसत्या मनाईतून मिळत नाही.

मधला मार्ग ब्रिटनने स्वखुशीने नव्हे, तर न्यायालयाच्या धक्क्याने पत्करला. आर्थर रेडफर्न हे ब्रॅडफर्डमध्ये अपंग मुलांची व प्रौढांची ने-आण करणारे चालक होते आणि त्यांचे बहुतेक प्रवासी आशियाई वंशाचे होते. कामाबद्दल तक्रार नव्हती. आशियाई वंशाच्या वरिष्ठानेच त्यांचे नाव उत्कृष्ट कर्मचारी म्हणून सुचवले होते. जून 2004 मध्ये ते गोऱ्यांपुरते सदस्यत्व ठेवणाऱ्या ब्रिटिश नॅशनल पार्टीचे नगरसेवक म्हणून निवडून आले आणि त्याच महिन्यात त्यांना काढण्यात आले. नोकरीला एक वर्ष झाले नसल्याने अन्यायकारक बडतर्फीचा दावा त्यांना करताच येईना. वांशिक भेदभावाचा दावा अपिलात फेटाळला गेला. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने नोव्हेंबर 2012 मध्ये चार विरुद्ध तीन अशा निसटत्या बहुमताने त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्यांना काढणे चूकच होते, असे न्यायालयाने म्हटले नाही. ते योग्य होते की नाही हे तपासायला कोणतेच दार उघडे नव्हते, यावर त्याने बोट ठेवले. 2013 मध्ये ब्रिटनने कायदा बदलला: बडतर्फीचे मुख्य कारण राजकीय मत किंवा पक्ष असेल, तर किमान सेवेची अट लागत नाही. बडतर्फी आपोआप बेकायदा ठरत नाही, मात्र मालकाला न्यायाधिकरणापुढे कारण द्यावेच लागते.

भारतात संरक्षण ठरते ते माणूस कोणत्या खुर्चीवर बसतो त्यावरून. सरकारी नोकराची स्थिती दुहेरी आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 त्याला राजकीय पक्षाचे सदस्य होऊ देत नाहीत, पण घटना त्याच्या पाठीशी उभी राहू शकते. ती नेहमी राहिली असे नाही. 1958 च्या बालकोटय्या खटल्यात कम्युनिस्ट हालचालींवरून काढलेल्या रेल्वे कर्मचाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की त्यांना कम्युनिस्ट राहण्यास कोणी अडवलेले नाही, फक्त सरकारी नोकरीत राहण्याचा हक्क नाही. 1983 मध्ये मध्य प्रदेश राज्य विरुद्ध रामशंकर रघुवंशी या प्रकरणात मात्र, पूर्वी संघ व जनसंघाच्या कार्यात भाग घेतला या पोलिस अहवालावरून शिक्षकाला काढणे न्या. चिन्नप्पा रेड्डी यांच्या पीठाने अमान्य केले. पहिला युक्तिवाद आजही खासगी मालकांच्या तोंडी ऐकू येतो.

खासगी कारखान्यात ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्याला काढायचे तर आरोपपत्र, खातेनिहाय चौकशी आणि न्यायालयीन तपासणी या पायऱ्या असतात. सूडबुद्धीने काढणे ही जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात अनुचित कामगार प्रथा होती आणि नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. त्याच कारखान्यातील साहाय्यक व्यवस्थापकाने एखादी राजकीय पोस्ट टाकली, तर नियुक्तीपत्रातील ‘कोणतेही कारण न देता, एक महिन्याची नोटीस किंवा त्याबदल्यात वेतन’ हे वाक्य पुरते. वैयक्तिक सेवेचा करार न्यायालय सहसा जबरदस्तीने पाळायला लावत नाही, त्यामुळे त्याच्या हाती बहुधा नोटिशीचा पगारच पडतो. राजकीय मतावरील भेदभावालाही बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 111 क्रमांकाचा करार भारताने 1960 मध्ये मान्य केला, पण खासगी नोकरीसाठी ते कलम आपल्या कायद्यात स्पष्ट शब्दांत उतरलेले नाही.

या तुलनेतून माझा कल मधल्या मार्गाकडे आहे, कारण खरा वाद मालकाचे स्वातंत्र्य मोठे की नोकराचे हा नसून, कारण कोणी द्यायचे आणि कोणापुढे द्यायचे हा आहे. सेवानियम लिहिणाऱ्याने ‘संस्थेच्या प्रतिमेला बाधा’ असे मोघम कलम टाळावे. कामाच्या वेळेत प्रचार, संस्थेचे नाव किंवा गणवेश वापरून केलेले वक्तव्य, सहकाऱ्याला धमकी किंवा अपमान अशी वर्तने नावानिशी लिहावीत आणि घरच्या मोबाइलवरून पक्षाचे समर्थन केले एवढ्यावरून कारवाई होणार नाही, हेही लिहावे. पक्षकार्यालय किंवा विशिष्ट विचाराला वाहिलेले नियतकालिक यांना अपवाद हवाच, कारण तेथे मत हाच कामाचा भाग असतो. कायदा बदलायचा तर कारण सांगण्याचे बंधन व्यवस्थापकांच्या बाबतीतही लागू करावे. पाच-दहा माणसांच्या आस्थापनेत मात्र, जेथे एकाच टेबलावर रोज समोरासमोर बसायचे असते, तेथे पुन्हा कामावर घेण्याच्या आदेशाऐवजी नोटिशीच्या पगारापेक्षा ठळकपणे मोठी भरपाई ठेवणे अधिक व्यवहार्य ठरेल.