खाचेच्या सराव-पुस्तिका: सात महिन्यांच्या वापरानंतर

दिवाळीत जळगावच्या बाजारातून 190 रुपयांना घेतलेला खाचेच्या सराव-पुस्तिकांचा संच माझी पाच वर्षांची मुलगी सात महिने वापरत आहे. पानांवर कोरलेल्या अक्षर-आकृत्यांच्या खाचांतून पेन फिरवायच्या चार पुस्तिका, एक पेन, दहा रिफिली आणि थोड्या वेळाने आपोआप नाहीशी होणारी शाई, ही रचना पालकांना ठाऊक आहे. गेल्या आठवड्यात शेवटची रिफिल संपली आणि सुट्या रिफिली मागितल्यावर दुकानदाराने नवा संच घ्यायला सांगितले, म्हणून हे लिहीत आहे. केवळ शाईसाठी त्याच पुस्तिका पुन्हा विकत घेणे मला मान्य नाही.

अंक आणि अक्षरांच्या पुस्तिकांविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. खरी किंमत आकृत्यांच्या पुस्तिकेची आहे. उभ्या-तिरप्या रेघा, लाटा, अर्धगोल, साखळी यांच्या ओळींतूनच देवनागरीचा हात तयार होतो. व, ब, क यांचा गोल एकच आणि ट, ठ, ढ यांची सुरुवातही सारखीच. पहिले दोन महिने मी हा संच ओळखीच्या प्रत्येक आईला सुचवला.

जानेवारीत तिला कोऱ्या कागदावर लाटांची ओळ काढायला सांगितली, तेव्हा तिसऱ्या लाटेपासूनच आकार मोडला. खाचेत तीच ओळ निर्दोष येत होती. दोष खाचेचाच आहे, असे माझे ठाम मत झाले. किती उंच जायचे, कुठे वळायचे, पुढचा आकार किती अंतरावर सुरू करायचा, हे सारे खाचच ठरवते. मागचा आकार डोळ्यांनी मोजून पुढचा काढण्याचे काम मुलाकडे उरतच नाही, आणि तोच तोच आकार पुन्हा काढण्याचा लाभ तर त्या मोजण्यातच आहे. त्यात शाई उडून जाते, त्यामुळे कालच्या ओळीशी आजची ताडून पाहता येत नाही.

इंडियाना विद्यापीठातील कॅरिन जेम्स यांनी सहकाऱ्यासह 2012 साली प्रसिद्ध केलेला अभ्यास नंतर वाचनात आला. वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांनी काही अक्षरे स्वतः पाहून काढली, काही गिरवली, काही कळफलकावर टंकली. पुढे ती पाहताना वाचनाशी संबंधित मेंदूचे भाग स्वतः काढलेल्या अक्षरांच्या वेळी अधिक कार्यरत झालेले दिसले.

सासूबाईंनी मात्र काहीही न वाचता सांगितले होते, "तिले नुसता ठिपका दे." त्यानंतर पाटीवर पाच बाय पाच ठिपके मांडून द्यायला लागलो. एक ठिपका सोडून वळायचे, पुन्हा एक सोडायचा, हा क्रम ती बोटाने मोजू लागली. एका ओळीतला नियम ओळखून तो पुढे नेण्याची ही सवय गणितालाही उपयोगी पडते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अंगणात तिने स्वतः रांगोळी काढली, तेव्हा चौथ्या रांगेतली चूक तिलाच आधी दिसली.

माझे जानेवारीतले मत थोडे कठोर होते, हेही नोंदवते. पेन धरण्याची पकड, बेताचा दाब आणि डावीकडून उजवीकडे जाण्याची सवय तिला खाचेनेच लावली. म्हणून पहिला महिना ही पुस्तिका अवश्य द्यावी. मात्र खाचेतली प्रत्येक ओळ लगेच पाटीवर काढून घ्यावी, आणि संच घेण्याआधी सुट्या रिफिली मिळतात का, हे दुकानात विचारावे. आमच्याकडे आता त्याच खाचांतून कोरडे पेन एकदा फिरवून ती पाटीकडे वळते.