मुरवलेल्या चुन्याची बादली: जुन्या ठाण्याच्या भिंतींसाठी घ्यावी का?

चरई, खारकर आळी, महागिरी, उथळसर. ठाणे शहराच्या या जुन्या भागांत अजून तग धरून असलेली दगड-विटांची, कौलारू घरं चुन्यात बांधलेली आहेत, आणि दुरुस्ती निघाली की नाक्यावरच्या दुकानातून येतं सिमेंटचं पोतं. चुना कुठून आणायचा, तो कोण मुरवणार, त्याला जागा कुठली, या तीन प्रश्नांवरच गाडी अडायची. आता मुरवलेला चुना, म्हणजे पाण्यात विरवून पाण्याखालीच मुरत ठेवलेला लोण्यासारखा चुना, २५ किलोच्या बादलीत तयार मिळतो. तो घ्यावा का, आणि घेतला तर कसा वापरावा, एवढ्यापुरतं हे परीक्षण.

आमचं मत आधीच सांगतो: घ्यावा, पण नुसता चुना घ्यावा. त्याच दुकानात शेजारी ठेवलेलं ‘तयार लाइम प्लास्टर’चं पोतं घेऊ नये. आणि एका घराने बादली आणण्यापेक्षा आळीतल्या चार-पाच घरांनी मिळून माल आणावा, गवंडीही एकच ठेवावा.

भारतात सिमेंटचं नियमित उत्पादन पोरबंदरला सुरू झालं ते १९१४ मध्ये. मासुंदा तळ्याकाठचं कौपिनेश्वर मंदिर १७६० मध्ये नव्याने बांधलं गेलं, सेंट जेम्स चर्च १८२५ चं, टेंभी नाक्याकडचं ज्यूंचं प्रार्थनास्थळ १८७९ चं. मूळ बांधकाम सिमेंटच्या आधीच्या या काळातलं असलेली भिंत सहसा चुन्यातलीच निघते, मग वर रंगाचे कितीही थर असोत. शिवाय आपल्याकडचा दगड काळा पाषाण. त्यातून पाणी जवळजवळ जात नाही. जोत्यातून वर चढलेली ओल बाहेर पडते ती दगडांमधल्या दर्जांतून (सांध्यांतून), म्हणजे चुन्यातून. त्या दर्जा सिमेंटने भरल्या की ओलीची वाटच बंद होते. मग ती आतल्या बाजूने वर सरकते, खांबांच्या आणि तुळयांच्या टोकांशी साचते, आणि लाकूड कुजल्याचं कळतं तेव्हा छत झुकलेलं असतं. विटेची भिंत असेल तर सिमेंटच्या पापुद्र्यामागे क्षार जमतात आणि विटेचं तोंडच भुगा होऊन गळतं. लोक दोष विटेला देतात.

आता बादली. झाकण उघडल्यावर चुन्यावर निदान दोन बोटं पाणी उभं दिसलं पाहिजे. पाणी नसेल आणि वर कडक पापुद्रा धरला असेल तर हवा आत गेलेली आहे. तो थर काढून टाकावा लागतो आणि तेवढं वजन फुकट जातं. खालचा चुना थापीवर घेतला की लोण्यासारखा चिकटून राहायला हवा, ओघळता कामा नये. चिमूटभर बोटांत चोळा. खरखर लागली तर न विरलेले कण आहेत. हेच कण भिंतीवर गेल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी फुगतात आणि गिलाव्यावर वाटाण्याएवढे खड्डे उडतात. उपाय सोपा आहे: सगळा चुना एक मिलिमीटरच्या जाळीतून घासून गाळून घ्यायचा. बादलीवर ‘गाळलेला’ लिहिलं असलं तरी गाळायचाच.

दुसरी चाचणी व्हिनेगरची. वरचा थर सोडून मधला चमचाभर चुना घ्या आणि त्यावर व्हिनेगर टाका. चांगला चुना गुपचूप विरघळतो. जोरात फेस आला तर त्यात खडूची पूड मिसळलेली आहे किंवा चुना हवेने आधीच मेलेला आहे. असली बादली परत करावी. चुना कधी विरवला ती तारीख विक्रेत्याकडून लेखी मागा. गिलाव्यासाठी निदान महिनाभर मुरलेला हवा, शेवटच्या गुळगुळीत हातासाठी (थरासाठी) तीन महिने. मुरलेला चुना पाण्याखाली ठेवला तर खराब होत नाही, उलट सुधारतो, त्यामुळे आळीत २०० लिटरचा एक प्लास्टिकचा पिंप भरून ठेवणं शहाणपणाचं. अ‍ॅल्युमिनियमचं भांडं चुन्याला कधी लावू नये, चुना ते खातो.

कळीचा चुना (भट्टीतला, पाणी न लागलेला) आणून घरीच विरवला तर स्वस्त पडतो, हे खरं. पण विरताना पाणी उकळतं, शिंतोडे उडतात, आणि दाट वस्तीत, मुलांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर ते करू नये. बादलीचे जादा पैसे मुख्यतः या धोक्यातून सुटण्याचे आहेत, आणि ते आम्हाला वाजवी वाटतात. तयार चुनाही कातडी आणि डोळे भाजतो. हातमोजे आणि चष्मा लागतोच. डोळ्यात गेला तर निदान वीस मिनिटं स्वच्छ पाण्याने धुऊन लगेच डॉक्टरांकडे.

हिशेब असा. २५ किलो म्हणजे साधारण १८ लिटर चुना. एकास तीन या मापाने त्यात ५४ लिटर रेती जाते. चुना रेतीच्या कणांमधल्या पोकळीत बसतो, म्हणून माल ७२ लिटर न होता ५५ लिटरच्या आसपास होतो. १० मिलिमीटर जाडीने त्यात साडेपाच चौरस मीटर भिंत होईल. जुनी भिंत वेडीवाकडी असते आणि माल खालीही सांडतो, तेव्हा ४५ ते ५० चौरस फूट धरून चाला. दुकानदार याच्या दुप्पट सांगतात. ते पातळ थराचं माप असतं.

बादली चांगली असूनही काम बिघडतं ते बहुतेक वेळा रेतीमुळे. खाडीची रेती ठाण्याला नवी नाही, रेतीबंदर हे नावच त्यावरून पडलेलं. पण ती खारी असते आणि मीठ भिंतीत गेलं की दर पावसाळ्यात ओल ओढतं. संशय आला तर मूठभर रेती पेलाभर पाण्यात ढवळा, निवळू द्या, वरचं पाणी काळ्या लादीवर ओतून वाळवा. पांढरी कड उमटली तर ती रेती नको. क्रश सँडमध्ये, म्हणजे दगड फोडून केलेल्या रेतीत, मीठ नसतं, पण दगडाची पूड फार असते, आणि पूड जास्त झाली की गिलाव्याला जाळीसारख्या तडा जातात. काचेच्या सरळ बरणीत निम्मी रेती, वर पाणी, जोरात हलवून तीन तास ठेवा. वर बसलेला गाळाचा थर रेतीच्या आठ टक्क्यांहून जाड असेल तर धुऊन घ्या. धुतलेली, लहान-मोठ्या कणांची, हाताला टोचणारी रेती सगळ्यात चांगली.

जोत्यापासून तीन फुटांपर्यंत, न्हाणीच्या भिंतीला आणि पावसाच्या झडीकडच्या बाजूला नुसता चुना पुरत नाही. तिथे सुरखी, म्हणजे विटेची पूड, हवी: एक भाग चुना, एक सुरखी, दोन रेती. सुरखी कमी भाजलेल्या विटेची, पिठासारखी बारीक असावी. काळपट, जास्त भाजलेल्या विटेची पूड रंग देते, पण चुन्याशी तिचा संयोग होत नाही. चुना-रेती आधी मळून ओल्या गोणपाटाखाली आठवडाभर ठेवली तर उत्तम. सुरखी मात्र लावायच्या दिवशीच घालायची आणि तो माल संध्याकाळपर्यंत संपवायचा.

मळताना वरून पाणी घालायचा मोह आवरला पाहिजे. बादलीतल्या चुन्यात निम्मं पाणी असतंच. लाकडी दांडक्याने कुटत राहिलं की पंधरा-वीस मिनिटांत कोरडा वाटणारा माल मऊ होतो. काँक्रीटच्या फिरत्या मिक्सरमध्ये त्याचे गोळे होतात. ड्रिलला लावायचं पातं थोड्या मालासाठी चालतं. गूळ, बेलफळ, हिरडा यांचं पाणी जुन्या कामात असायचं, पण ते मापात लागतं. गूळ जास्त झाला तर माल लवकर धरत नाही आणि मुंग्या लागतात. प्रमाण माहीत असलेला कारागीर नसेल तर ते टाळलेलं बरं.

भिंतीवरचं सिमेंट छिन्नी-हातोडीने काढा, ब्रेकरने नको. दर्जा २० ते २५ मिलिमीटर खोल उकरून, झाडून, आदल्या संध्याकाळी भिंत पाण्याने भिजवा. सकाळी वरचं पाणी ओसरलेलं आणि भिंत आत थंड, असा मेळ हवा. पहिला हात थापीने फेकून, ८ ते १० मिलिमीटर. दुसऱ्या दिवशी बारीक तडा दिसतील. त्या लाकडी रंध्याने (गवंड्याच्या सपाट फळीने) दाबून मिटवायच्या. या कामाला अर्धा तास लागतो आणि घाईत तेच राहून जातं. पुढचा हात सात ते दहा दिवसांनी, आणि शेवटचा दोन-तीन मिलिमीटरचा. एकदम इंचभर थर मारणारा गवंडी कितीही सफाईदार असला तरी तो थर सुटणार.

चुना पिकतो, म्हणजे घट्ट होतो, तो हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने, आणि त्याला थोडी ओलही लागते. भिंत कोरडी ठणठणीत पडली तर गिलावा पिठासारखा भुरभुरतो, सतत निथळत राहिली तर हवा आत शिरत नाही. भिंतीपासून दोन-तीन इंच सोडून गोणपाटाचे पडदे टांगा आणि फवाऱ्याने दिवसातून तीनदा पाणी मारा, प्रत्येक हाताला निदान सात दिवस. पश्चिमेच्या भिंतीला दुपारी जास्त जपावं लागतं. काम पाऊस संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू करावं आणि बाहेरचा गिलावा फेब्रुवारीअखेर पुरा व्हावा. मे महिन्यात लावलेला चुना जूनच्या पहिल्या सरींत धुपतो.

यात पाडव्याची अडचण येते. स्वागतयात्रा दारावरून जाणार म्हणून दर्शनी भिंत उजळायची असते, आणि नव्या चुन्यावर प्लास्टिक पेंट चढतो. वर्षभरात तो फुगे येऊन सोलतो. त्याऐवजी त्याच बादलीतल्या चुन्याची सफेदी करा: एक भाग चुना, तीन ते चार भाग पाणी, दुधाइतकी पातळ, कपड्यातून गाळलेली. रंगासाठी गेरू किंवा पिवडी (पिवळी माती) घालायची तर चुन्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत. भिंत किंचित ओली करून रोज एक हात, असे चार-पाच. हात लावताना रंग जवळजवळ पारदर्शक दिसतो, दुसऱ्या दिवशी उजळतो. जाड हात मारला तर पुढे पांढरी पूड कपड्यांना लागते. उन्हात अशा भिंतीला जी झळाळी येते ती पेंटला येत नाही, आणि चार घरांनी मिळून केली तर सगळी आळी उठून दिसते.

‘तयार लाइम प्लास्टर’चं पोतं का नको, तर त्यात पुष्कळदा पांढरं सिमेंट किंवा पीओपी असतं. घटक छापलेले नसतील तर विचारा. गोलमोल उत्तर आलं तर पुढचं दुकान गाठा. चुन्याच्या कोरड्या पुडीचं पोतं तारीख ताजी असेल तर आतल्या भिंतींना चालतं, एक दिवस पाण्यात भिजवून. परदेशी हायड्रॉलिक चुना (ओलीतही घट्ट होणारा) महाग आहे, पण सतत ओल्या जोत्याला उपयोगी, ३.५ अंकाचा घ्या; अंक ताकदीचा असतो. ५ अंकाचा मऊ विटेला फार कठीण होतो.

मिळून माल घेताना एक नियम आधी ठरवा. नजरेत न येणाऱ्या भिंतीवर मीटरभर चौकोन लावून २८ दिवस थांबायचं, मगच पुढची बादली फोडायची. प्रत्येक घराच्या कामाची वही ठेवा: रेती कुठली, माप काय, तारीख, हवा. पुढच्या दुरुस्तीला तीच लागते. इमारत पालिकेच्या वारसा यादीत असेल तर परवानगी आधी.

गिलावा पिकला का ते पाहायला प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानातलं फिनॉल्फ्थॅलीन हे रंग बदलून दाखवणारं द्रावण आणा. कोपऱ्यात छोटी खाच पाडून थेंब टाका. गुलाबी झालं तर आत अजून कच्चं आहे. १० मिलिमीटरच्या थराला पूर्ण पिकायला काही महिने जातात, आणि तोवर त्या भिंतीत खिळे ठोकू नयेत, फर्निचरही टेकवू नये.