प्रोपेनवर क्लोरीन की ब्रोमीन?

प्रोपेनपासून १-ब्रोमोप्रोपेन (ब्रोमीन टोकाच्या कार्बनवर; मधल्यावर असेल तर २-ब्रोमोप्रोपेन) मिळवा. प्रश्न दिसला की निम्मी मुलं बाणावर 'ब्रोमीन, सूर्यप्रकाश' लिहून मोकळी होतात. पहिली पायरी म्हणून हे बरोबर आहे, उत्तर म्हणून नाही.

प्रोपेनमध्ये आठ हायड्रोजन: सहा टोकांचे, दोन मधल्या कार्बनवरचे. क्लोरीन उतावळा. मधला हायड्रोजन तो टोकाच्यापेक्षा जेमतेम चौपट वेगाने काढतो. हिशोब करा: सहा गुणिले एक आणि दोन गुणिले चार, म्हणजे सहास आठ. २५ अंशांना साधारण ४५ टक्के १-क्लोरोप्रोपेन आणि ५५ टक्के २-क्लोरोप्रोपेन मिळतं. उत्कलनबिंदू ४७ आणि ३६ अंश, म्हणजे ऊर्ध्वपातनाने वेगळं करता येईल. पण निम्मा माल नकोसाच, शिवाय दोन-दोन क्लोरीन चिकटलेली संयुगं वेगळीच.

ब्रोमीन संथ, पण चोखंदळ. इथे तोच वेग ८२ पट, म्हणून सुमारे ९७ टक्के २-ब्रोमोप्रोपेन. कारण ऊर्जेत आहे. क्लोरीनचा अणू हायड्रोजन ओढतो ती पायरी उष्मादायी, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारी. बंध पुरता ताणला जायच्या आतच निकाल लागतो, तयार होणारा मूलक (हायड्रोजन गेल्यावर एकटा इलेक्ट्रॉन उरलेला तुकडा) किती स्थिर याला फारशी किंमत राहत नाही. ब्रोमीनची तीच पायरी उष्माग्राही, उष्णता शोषणारी; बंध जवळपास तुटलेला असतो, त्यामुळे मूलकाची स्थिरताच सगळं ठरवते.

सायक्लोहेक्झेन किंवा निओपेंटेन असेल, तर सगळे हायड्रोजन सारखेच. तिथे खुशाल क्लोरीन वापरा, फक्त हायड्रोकार्बन भरपूर ठेवा.

आता टोकाचा ब्रोमीन. वळसा घ्यावा लागतो, पण मी तोच निवडेन: २-ब्रोमोप्रोपेन अल्कोहोलमधल्या पोटॅशबरोबर (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) तापवा (पोटॅश पाण्यातलं घेतलंत तर २-प्रोपेनॉल पदरात पडेल), निघालेल्या प्रोपीनवर (दुहेरी बंध असलेलं) पेरॉक्साइडच्या सान्निध्यात हायड्रोजन ब्रोमाइड सोडा; ब्रोमीन टोकाला बसतो. खराश आणि मेयो यांनी १९३३ मध्ये दाखवलेला हाच पेरॉक्साइड परिणाम.

मात्र १-क्लोरोप्रोपेन हवं असेल तर ही युक्ती चालत नाही. हायड्रोजन क्लोराइडला पेरॉक्साइडचं सोयरसुतक नाही, क्लोरीन मधल्याच कार्बनवर बसतो. तेव्हा प्रोपीनवर आधी डायबोरेन, मग अल्कलीतलं हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि मिळालेल्या १-प्रोपेनॉलवर थायोनिल क्लोराइड, जे OH च्या जागी क्लोरीन बसवतं.