लिनक्स मिंट २२.२: जुन्या डेस्कटॉपवरचे काही महिने आणि अपडेटनंतर गायब झालेलं वायफाय

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. माझ्या डेस्कटॉपमधला प्रोसेसर इंटेलच्या सहाव्या पिढीतला. विंडोज ११ च्या यादीत इंटेलची आठवी पिढी आणि त्यापुढचे प्रोसेसर, शिवाय टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) हवं. म्हणजे ठणठणीत चालणारं मशीन भंगारात द्या, नाहीतर दुसरी वाट धरा. मी त्यात एसएसडी बसवून घेतली आणि विंडोजऐवजी लिनक्स मिंट २२.२ ही मोफत सिस्टीम टाकली.

काम काय ते आधी सांगतो, म्हणजे हा अनुभव तुमच्या उपयोगाचा आहे की नाही ते कळेल. सोलापुरात अशोक चौकाच्या बाजूला घरातूनच काही टॉवेल आणि चादरीच्या कारखानदारांची बिलं, जीएसटी, ई-वे बिलं (मालाच्या वाहतुकीला लागणारी) बघतो. मशीनवर दिवसभर ब्राउझर, हिशेबाच्या शीट, पीडीएफ आणि प्रिंट. राउटर वरच्या मजल्यावर, मी खाली, मधे जुन्या घराच्या दगडी भिंती. केबल ओढायला घरात कुणाची परवानगी नाही, म्हणून यूएसबीचं वायफाय डोंगल.

मिंटबद्दल चांगलं ते पटकन सांगून टाकतो. मशीन लगेच चालू होतं. प्रिंटर जोडला आणि ओळखला गेला, काही टाकावं लागलं नाही. मराठी टायपिंगला इनस्क्रिप्ट कीबोर्ड मिळतो. अपडेट आपणहून रीस्टार्ट करत नाही, आपण हो म्हटल्यावरच लागतं. जीएसटीचं पोर्टल आणि ई-वे बिलाचं पोर्टल फायरफॉक्समध्ये बिनतक्रार. आता मुद्द्याचं.

एका अपडेटमध्ये कर्नलची, म्हणजे हार्डवेअर चालवणाऱ्या सिस्टीमच्या गाभ्याची, मालिकाच (मोठी आवृत्ती) बदलली. मशीन रीस्टार्ट केलं आणि खाली कोपऱ्यातलं वायफायचं चिन्हच नाही. नेटवर्कची यादी रिकामी असती तर गोष्ट वेगळी. इथे वायफाय नावाचा पर्यायच उडाला होता. तेवढ्यात अक्कलकोट रोड एमआयडीसीतून फोन: "साहेब, हैदराबादची गाडी भरून उभीय, ड्रायव्हर जेवून पण आला, बिल पाठवा की." राज्याबाहेर ५०,००० रुपयांवरचा माल ई-वे बिलाशिवाय हलत नाही. पुतणी शेजारून म्हणाली, "काका, राउटर बंद करून चालू करा की." पण माझा फोन त्याच वायफायवर मजेत चालत होता. राउटरचा काही दोष नव्हता.

अशा वेळी पहिली पाच मिनिटं दुरुस्तीला हात न लावता नेमकं कुठल्या पायरीवर गाडं अडलंय एवढंच बघायचं, हे मला या सगळ्यातलं सर्वांत उपयोगी वाटलं. टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडा (कमांड मी इथे देवनागरीत लिहितोय, टाइप अर्थातच इंग्रजीत करायच्या). 'एलएसयूएसबी' दिलं की यूएसबीला जोडलेल्या वस्तूंची यादी येते. डोंगल त्यात दिसलं, म्हणजे ते मेलेलं नव्हतं. मग 'आयपी लिंक'. त्यात केबलच्या पोर्टचं नाव होतं, वायफायचं नव्हतं. हार्डवेअर दिसतंय पण त्याचा इंटरफेस नाही, याचा अर्थ मधला ड्रायव्हर (ते हार्डवेअर चालवणारा प्रोग्रॅम) लागलेला नाही. बस, इतकं कळलं की राउटर, पासवर्ड, डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधणारी सेवा), नेटवाल्याला फोन, हे सगळं बाजूला पडतं.

ड्रायव्हर का लागला नाही, ते समजून घेण्यासारखं आहे. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलच्या आतच येतात, कर्नल बदललं की तेही बरोबरच बदलतात. पण काही चिपचे ड्रायव्हर बाहेरचे असतात. ते प्रत्येक कर्नलसाठी नव्याने तयार करावे लागतात, कारण एका कर्नलसाठी बनवलेलं मॉड्यूल (ड्रायव्हरची तयार फाइल) दुसऱ्यावर चालत नाही. हे काम डीकेएमएस नावाची यंत्रणा आपोआप करते: नवं कर्नल आलं की ती ड्रायव्हरचा सोर्स कोड (मूळ लिखाण) घेते आणि पुन्हा कंपाइल करते, म्हणजे त्यातून चालणारी फाइल बनवते. साध्या सुरक्षा अपडेटमध्ये हे बिनबोभाट होतं, म्हणून महिनोन्‌महिने कळतही नाही की आपण बाहेरच्या ड्रायव्हरवर जगतोय. मालिका बदलली की मात्र कर्नलच्या आतली फंक्शनं बदलतात. वापरकर्त्याचे प्रोग्रॅम मोडू नयेत याची कर्नलवाले फार काळजी घेतात, पण आतल्या ड्रायव्हरसाठी तसं वचन ते मुद्दामच देत नाहीत. जुना सोर्स कोड नव्या कर्नलवर कंपाइल होत नाही, आणि वायफाय जातं. 'डीकेएमएस स्टेटस' दिल्यावर माझ्याकडे नेमकं तेच दिसलं: जुन्या कर्नलपुढे 'इन्स्टॉल्ड' आणि नव्या कर्नलची ओळच नाही.

डोंगलच्या डब्यावर 'लिनक्स सपोर्ट' असं छापलेलं होतं. कंपनीचं नाव घेत नाही, कारण असं लिहिणाऱ्या पुष्कळ आहेत. त्या सपोर्टचा अर्थ, बरोबरच्या छोट्या सीडीत कुठल्यातरी जुन्या कर्नलसाठीचा सोर्स कोड. पुढे कोण सांभाळणार, याचं उत्तर डब्यावर नसतं.

आता गाडीचं काय. इथे दोन गोष्टी कामी आल्या. अँड्रॉइड फोन डेटा केबलने जोडला आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू केलं. मिंटला तो लगेच केबलचं नेट म्हणून दिसतो, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. आणि फोन घरच्या वायफायवर असेल तर तेच नेट पुढे येतं, मोबाइल डेटा जळत नाही. पुष्कळांना हे माहीतच नाही. वायफाय दुरुस्त करायला नेट हवं आणि नेटसाठी वायफाय हवं, ही कोंडी एका चार्जिंगच्या केबलने फुटते. केबल मात्र डेटाची हवी, नुसत्या चार्जिंगची चालत नाही. बिल निघालं, गाडी गेली.

दुसरी गोष्ट जुनं कर्नल. मिंट नवं कर्नल टाकताना आधीचं लगेच पुसत नाही. चालू होताना शिफ्ट दाबून ठेवलं (नव्या, यूईएफआय पद्धतीने सुरू होणाऱ्या मशीनवर एस्केप दाबलं) की ग्रबचा, म्हणजे काय चालू करायचं ते विचारणारा, मेनू येतो, त्यात 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून आधीचं कर्नल निवडायचं. वायफाय जसंच्या तसं परत. पण हा तात्पुरता आसरा, कारण जुन्या मालिकेची सुरक्षा अपडेट कधीतरी थांबणारच. टाइमशिफ्टने (मिंटमधलं सिस्टीमची प्रत ठेवणारं साधन) घेतलेला स्नॅपशॉट असेल तर त्यावरूनही मागे जाता येतं. तो सिस्टीमच्या फायलींचा असतो, मुळात आपल्या कागदपत्रांना हात लावत नाही. म्हणजेच कागदपत्रांचा बॅकअप वेगळा घ्यावा लागतो, या दोन्हींत गल्लत नको.

कायमचा उपाय म्हणून त्या ड्रायव्हरचा कुणीतरी सुधारलेला कोड शोधून टाकता आला असता. सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना सही तपासणारी सोय) चालू असेल तर त्यात आणखी एक अडथळा: सही नसलेलं मॉड्यूल कर्नल आत घेत नाही. त्यासाठी इन्स्टॉल करताना एक पासवर्ड ठरवायचा आणि पुढच्या रीस्टार्टला निळ्या स्क्रीनवर तो देऊन किल्ली नोंदवायची. ती स्क्रीन थोडा वेळच थांबते आणि घाईत एंटर दाबला की निघून जाते. दर मोठ्या अपडेटला ही कसरत करायची माझी तयारी नव्हती. मी डोंगलच बदललं.

नवं घेताना कंपनी बघितली नाही, आतली चिप बघितली. मीडियाटेकच्या एमटी७६ कुटुंबातल्या यूएसबी चिपचे ड्रायव्हर कर्नलमध्येच आहेत: एमटी७६१२यू जुनी आणि मुरलेली, एमटी७९२१एयू नवी, तिला ५.१८ किंवा त्यापुढचं कर्नल लागतं. अडचण अशी की एकाच मॉडेलच्या नावाखाली पुढच्या आवृत्तीत कंपन्या चिप बदलतात, डबा तोच. म्हणून मी मिंटचा पेनड्राइव्ह आणि लॅपटॉप घेऊन दुकानात गेलो आणि लाइव्ह मोडमध्ये (इन्स्टॉल न करता, पेनड्राइव्हवरूनच) डोंगल लावून वायफाय दिसतंय का ते तिथेच पाहिलं. दुकानदाराने आधी भुवया उंचावल्या, मग स्वतःच दुसरी दोन काढून दिली तपासायला.

त्यानंतर कर्नलची अनेक अपडेट येऊन गेली, एकदाही वायफाय गेलं नाही. फक्त सुरुवातीला थोडा वेळ काम थांबलं की पहिलं पान उघडायला उशीर व्हायचा. तो वीज वाचवण्याच्या सेटिंगचा परिणाम. नेटवर्क मॅनेजरच्या 'वायफाय पॉवरसेव्ह' फायलीत ३ आहे तिथे २ केलं आणि सेवा पुन्हा चालू केली, थांबलं. डेस्कटॉपवर त्या बचतीचा तसाही काय उपयोग?

आणखी एक बारकावा. यूएसबी ३ चे पोर्ट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट करतात, इंटेलनेच २०१२ मध्ये यावर लिहिलं होतं. डोंगल मागच्या पोर्टला चिकटवलं तर रेंज पडते. हातभर एक्स्टेंशन केबल लावून ते टेबलावर आणलं, रेंज सुधारली. एप्रिल-मेमध्ये ते कॅबिनेटच्या मागच्या गरम हवेत राहिलं नाही, हा वरचा फायदा. सोलापूरच्या उन्हाळ्यात ही लहानसहान गोष्ट नाही.

अपडेटवर खापर फुटतं पण कारण भलतंच असतं, असंही एक प्रकरण पाहिलं. नवी पेठेतल्या एका मित्राचं मशीन, त्यावरही मिंट. अपडेट केलं, त्याच संध्याकाळी लाइट गेली, सकाळी एकही साइट उघडेना. वायफाय जोडलेलं. 'पिंग १.१.१.१' ला (समोरून उत्तर येतं का ते बघणारी कमांड) उत्तर येत होतं, म्हणजे नेट होतं. नावाने पिंग केलं तेही चाललं, म्हणजे डीएनएससुद्धा ठीक. मग ब्राउझरचा संदेश नीट वाचला तर तो सर्टिफिकेटबद्दल बोलत होता, आणि कोपऱ्यातली तारीख कित्येक वर्षं मागची. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला होता. लाइट गेली की घड्याळ मागे, आणि घड्याळ चुकलं की ब्राउझर सुरक्षित साइटचं सर्टिफिकेट नाकारतो. एक छोटा सेल बदलला. नावाने पिंग होत नसता आणि आकड्याने होत असता, तर मात्र डीएनएस तपासायला हवं होतं, तिथे बहुधा कधीतरी हाताने भरलेला जुना पत्ता सापडतो.

ज्यांचं विंडोज ११ वर असंच झालंय त्यांच्यासाठी तपासण्याचा क्रम हाच. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय अॅडॅप्टर दिसतो का ते आधी बघा. दिसत असेल तर त्याच्या गुणधर्मांमध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर' उघडं आहे का पाहा. 'नेटवर्क रीसेट' हा शेवटचा उपाय, कारण त्याने साठवलेले वायफाय पासवर्ड जातात आणि व्हीपीएन पुन्हा भरावं लागतं. मोठी आवृत्ती बदलली असेल तर मागे जायला साधारण १० दिवस मिळतात, नंतर तो पर्याय नाहीसा होतो. यूएसबी टेदरिंगची युक्ती तिथेही चालते.

मिंट कुणी घ्यावं? ब्राउझरवर काम असेल आणि मशीन विंडोज ११ च्या यादीत बसत नसेल, तर जरूर. २२ ची मालिका २०२९ पर्यंत सांभाळली जाणार आहे. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर दिवस काढणाऱ्यांनी घेऊ नये. ते विंडोजसाठी बनलेलं आहे आणि वाइनवर (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं साधन) चालवायच्या भानगडीत मी पडलो नाही. कंपन्यांच्या रिटर्नला लागणारी डिजिटल सिग्नेचरची टोकन मी अजूनही वेगळ्या लॅपटॉपवर वापरतो, कारण टोकनच्या प्रत्येक मेकचा लिनक्स ड्रायव्हर वेगळा आणि तोही बाहेरचाच. प्रोप्रायटरी फर्मची रिटर्न ओटीपीवर जातात, ती सगळी इथून होतात.