सोलापुरात स्नो मोड : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या गुढीपाडव्याला घेतलेल्या आमच्या गाडीचे साडेचौदा हजार किलोमीटर नुकतेच पूर्ण झाले. पेट्रोल टर्बो इंजिन, ऑटोमॅटिक गिअर आणि ताकद फक्त पुढच्या दोन चाकांना, अशी ही छोटी एसयूव्ही आहे. गिअरच्या दांड्यामागे एक गोल डायल असून त्यावर इको, नॉर्मल, स्पोर्ट आणि स्नो, मड, सँड असे सहा मोड आहेत. गाडी ताब्यात देताना विक्रेत्याने मड मोडची ओळख "फोर बाय फोरच समजा", म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी गाडीच, अशी करून दिली होती. ‘स्नो’ वाचून मात्र, उन्हाळ्यात पारा 43 अंशांवर चढणाऱ्या गावात ह्याचे काय करायचे, म्हणून आम्ही घरचे सगळे हसलो होतो. पहिल्यावर विश्वास ठेवला आणि दुसऱ्याला हसलो, ह्या दोन्ही चुका पुढे पावसाळ्यात कळल्या.

इकोमध्ये पेडल तेवढेच दाबले तरी इंजिन कमी उसळते, गिअर लवकर वर चढतात आणि आमच्या गाडीत एसीचा कॉम्प्रेसरही हात आखडून चालतो. पुणे महामार्गावर 80 ते 90 च्या वेगाने, टाकी फुल ते टाकी फुल अशा हिशेबाने, मला इकोमध्ये लिटरला 17.4 आणि नॉर्मलमध्ये 16.8 किलोमीटर मिळाले. फरक एवढाच, आणि त्यात नवल नाही. वेग एकसारखा असला की मोड कोणताही लावा, हवा कापायला इंजिनाला लागणारी ताकद तेवढीच असते. इकोचा खरा उपयोग सात रस्ता ते आसरा चौक अशा थांबत-थांबत चालणाऱ्या वाहतुकीत होतो, कारण तिथे आपला उतावीळ पाय तो आवरतो. मे महिन्यात दुपारी दोन वाजता मात्र मी तो लावत नाही. मागच्या सीटवर आई बसलेली असताना लिटरमागे अर्ध्या किलोमीटरसाठी तिला घामाघूम करणे मला पटत नाही.

स्पोर्ट मोड मी वेगासाठी वापरत नाही. गळीत हंगामात जिथे रस्ता दुपदरी आहे तिथे दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर पुढे असला, की ओलांडण्यापूर्वी, म्हणजे अजून त्याच्या मागे असतानाच, डायल स्पोर्टवर नेतो. गिअर आधीच खाली येऊन थांबतो आणि पेडल दाबल्यावर गिअरबॉक्स विचार करीत बसतो तो एखादा क्षण वाचतो. समोरून एसटी येत असताना त्या क्षणाची किंमत फार असते. ओलांडून झाले की परत नॉर्मल.

तुळजापूरहून परतताना घाट उतरावा लागतो, तिथे इको हा सर्वांत वाईट पर्याय आहे. तो गिअर वरचा ठेवतो, त्यामुळे इंजिनाचा अटकाव मिळत नाही आणि सगळा भार ब्रेकवर पडतो. मी तिथे मोडच्या भानगडीत न पडता गिअर मॅन्युअलवर घेऊन तिसऱ्यात उतरतो.

आता मड मोडविषयी. सप्टेंबरमध्ये मोहोळ तालुक्यातील आमच्या शेताच्या पाणंदीत, रात्री पाऊस होऊन गेल्यावर, विक्रेत्याच्या शब्दावर विसंबून मी मड मोड लावला आणि गाडी घातली. जेमतेम चाळीस पावलांवर ती बसली. ह्या मोडमध्ये ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे चाक जागच्या जागी फिरू लागले की ते आवरणारी यंत्रणा, चाकाला थोडे जास्त फिरू देते, म्हणजे खाचांतला चिखल फेकला जाऊन टायरला खालची घट्ट जमीन सापडावी. आमची काळी माती फेकली जात नाही. पाणी पिऊन ती फुगते, खाचांत लिंपल्यासारखी बसते, आणि दोन मिनिटांत माझे टायर गुळाच्या ढेपेसारखे गुळगुळीत झाले होते. मागच्या चाकांना ताकदच नाही, तेव्हा डायल कुठेही फिरवला तरी ती तिथे पोचणार नव्हती. शेवटी आमच्या वाटेकऱ्याने ट्रॅक्टर आणून साखळीने गाडी ओढली आणि साखळी सोडता सोडता म्हणाला, "मालक, बटण दाबल्यानं चिखूल वाळत नसतोय." कंपनीच्या पुस्तिकेत ‘फोर बाय फोर’ हा शब्द कुठेही नाही, हे मी त्या रात्री घरी वाचले. सँड मोड मी एकदाही लावलेला नाही. चंद्रभागेच्या वाळवंटात गाडी घालण्याइतका मी धीट नाही.

स्नो मोडची उपयुक्तता त्याच आठवड्यात ध्यानात आली. शेतांतून निघालेले ट्रॅक्टर चाकांना चिकटलेली माती डांबरी रस्त्यावर सांडत जातात आणि वर बुरबुर पाऊस आला की तिचा साबणासारखा पातळ थर तयार होतो. पहिल्या पावसातही धूळ आणि तेल मिसळून हाच प्रकार होतो. अशा वेळी टर्बो इंजिनाची ताकद एकदम आली की पुढचे चाक जागच्या जागी फिरते. स्नो मोड पेडलचा प्रतिसाद मवाळ करतो, आमची गाडी तर पहिल्याऐवजी दुसऱ्या गिअरमध्ये उचलतो, आणि चाक जरा निसटू लागताच ताकद कमी करतो. बर्फ काय आणि ओली काळी माती काय, टायरला दोन्ही सारखीच. थांबण्याचे अंतर मात्र ह्याने तसूभरही कमी होत नाही. ब्रेक लावल्यावर जे काही करायचे ते टायरच करतात, म्हणून वेग निम्मा करावाच लागतो.

तक्रार एकच. गाडी बंद करून पुन्हा सुरू केली की मोड आपोआप नॉर्मलवर जातो, आणि रस्त्यावर नजर ठेवून डायल चाचपणे अवघड आहे. ह्यावर आमच्या घरात तोडगा निघाला आहे. पुढे चिखलाच्या दोन समांतर रेघा रस्त्यावर चढलेल्या दिसल्या, की शेजारी बसलेली सौ. मला न विचारता डायल दोन खटके उजवीकडे फिरवते.