पाम, वर्ल्ड की पर्ल? आधी तिथं जायचं कसं ते बघा

समुद्रात भराव घालून केलेल्या आलिशान बेटांचे वरून काढलेले फोटो बघितले की कुणीही हरखून जातं, पण तिथं राहायचं किंवा घर घ्यायचं म्हटलं की माझा पहिला प्रश्न एकच, किनाऱ्यावरून तिथं जायचं कसं? याच प्रश्नावर दुबईचं पाम जुमेरा, दुबईचंच द वर्ल्ड आणि कतारमधल्या दोहाचं द पर्ल अगदी वेगवेगळी निघतात.

पाम म्हणजे खजुराच्या झाडाच्या आकाराचं बेट, मधे खोड, दोन्ही बाजूंना झावळ्या आणि भोवती चंद्रकोर. त्याचं काम 2001 ला सुरू झालं. सुमारे 9.4 कोटी घनमीटर वाळू लागली आणि तीही वाळवंटातली नाही बरं का, समुद्रतळातून उपसलेली, कारण वाऱ्याने घासून गुळगुळीत झालेले वाळवंटातले कण भरावात एकमेकांना धरून राहत नाहीत. बाहेरची चंद्रकोर म्हणजे लाटा अडवणारा 11 किमीचा बांध, तो सलग ठेवला तर आतलं पाणी साचून खराब होणार हे लक्षात आल्यावर त्यात मोकळ्या वाटा ठेवल्या. आता राहायचं म्हणाल तर खोडावर अपार्टमेंट, झावळ्यांवर मागच्या दाराशी बीच असलेले व्हिला आणि चंद्रकोरीवर हॉटेलं, 2008 ला उघडलेलं अटलांटिस तिथलंच. गंमत अशी की 2009 ला सुरू झालेली मोनोरेल खोडावरून चंद्रकोरीपर्यंत धावते, झावळीत शिरत नाही, म्हणजे व्हिलावाल्याला गाडी हवीच, आणि कुठल्याही झावळीतून बाहेर पडलं की सगळे त्याच एका खोडावर येणार. घराच्या खिडकीतून झाडाचा आकार वगैरे काही दिसत नाही, त्यासाठी पाम टॉवरच्या 52व्या मजल्यावर तिकीट काढून जावं लागतं!

द वर्ल्ड 2003 चं, जगाच्या नकाशासारखी सुमारे 300 बेटं. 2008 च्या मंदीत गाडी रुतली आणि बरीचशी बेटं वर्षानुवर्षं नुसते वाळूचे ढिगारे म्हणून पडून राहिली. तिथं रस्ताच नाही, फक्त बोट. दूध संपलं तरी बोट. दोनतीन रात्री रिसॉर्टमध्ये राहायला हा एकांत मस्त, पण घर घ्यायला मी कुणाला सांगणार नाही, निदान शेजारची बेटं भरेपर्यंत तरी.

पर्लचं नाव तिथं पूर्वी मोत्यांसाठी बुड्या मारायचे त्यावरून पडलंय. जमिनीला रस्त्याने नीट जोडलेलं, कनात क्वार्टियरमध्ये व्हेनिससारखे कालवे आणि गाड्यांशिवाय फिरता येतील अशा गल्ल्या, पोर्तो अरेबियात यॉटचा धक्का. पर्यटकांचा गोंगाट पामपेक्षा कमी, थोडं निवांतच म्हणा, त्यामुळे मुलंबाळं घेऊन राहणाऱ्याला मी हेच सुचवेन. अर्थात रात्री उशिरापर्यंत मजा हवी असेल तर दोहा थोडं मिळमिळीत वाटेल.

परदेशी माणसाला पाम आणि पर्ल दोन्हीकडे मालकी हक्काने घर घेता येतं. व्हिसाचं गणित मात्र वेगळं आहे, कतारमध्ये 7 लाख 30 हजार रियालच्या मालमत्तेवर निवास परवान्याचा मार्ग उघडतो, दुबईत 10 वर्षांच्या गोल्डन व्हिसासाठी 20 लाख दिरहमची मालमत्ता लागते. आणि पाममध्येच घ्यायचं ठरलं असेल तर झावळीच्या टोकाचा व्हिला पसंत करण्याआधी ऑफिसच्या वेळेला एकदा स्वतः गाडी चालवत खोडापर्यंत या.