कोल्ट नेव्ही १८५१ची इटालियन नक्कल: देखणी, पण आधी पाचर तपासा

इटलीच्या ब्रेशा भागात बनणाऱ्या .३६ कॅलिबरच्या या टोपीच्या (घोडा आदळताच ठिणगी देणारी धातूची छोटी वाटी) रिव्हॉल्व्हरचा बाज उत्तम आहे: साडेसात इंची अष्टकोनी नळी, सिलिंडरवर कँपेचेच्या नाविक लढाईचं कोरीवकाम, पितळी चापकडं. खरी परीक्षा आतली.

या घडणीत सिलिंडरच्या वर लोखंडी पट्टी नाही. नळी आर्बर (सिलिंडर ज्यावर फिरतो तो फ्रेममधला दांडा) आणि पाचर (नळी व आर्बर यांतून आडवी जाणारी पट्टी) यांच्यावरच टिकते, म्हणून आर्बरचं टोक नळीतल्या भोकाच्या तळाला टेकायलाच हवं. काही नकलांत ते आखूड पडतं. मग पाचर जितकी ठोकाल तितकी नळी मागे सरकते आणि सिलिंडर घासतो. सैल ठेवली तर नळी आणि सिलिंडर यांच्यातली फट वाढते. तपासणी सोपी आहे: सिलिंडर काढा, नळी थोडी तिरकी फिरवून आर्बरवर पूर्ण आत ढकला. नळीचा खालचा भाग फ्रेमच्या कडेवर चढला, तर आर्बर आखूड. भोकात पोलादी वॉशर टाकून, तो कानशीने थोडाथोडा घासत नेमका बसवा. पाचर अंगठ्याच्या दाबाने बसावी आणि फट ०.१५ ते ०.२ मिमी राहावी.

दुसरं दुखणं निपलचं, म्हणजे टोपी जिच्यावर बसते त्या नळकांडीचं. टोपी सैल बसली की फुटून तिचे तुकडे घोड्याच्या खाचेत पडतात आणि यंत्रणा अडते. टोपीच्या मापाचे निपल घेणं हा सगळ्यात स्वस्त इलाज. सिलिंडरभोवती ओरखड्याची रेघ उमटली, तर बोल्ट, म्हणजे सिलिंडर जागी रोखणारा खटका, लवकर पडतोय. ते काम जाणत्या गनस्मिथचंच.

दारू फक्त काळी. धूरविरहित दारूने सिलिंडर फुटू शकतो.